जहाजावर जलरंग शिकवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येत्या ऑक्टोबरमध्ये मी दहा रात्रींच्या क्रूझवर जलरंगाच्या कार्यशाळा घ्यायला जाणार आहे. इटलीतल्या त्रिएस्तेहून निघायचं, मग क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, माँटेनेग्रोतलं कोटोर, ग्रीसमधलं कोर्फू आणि शेवटी अथेन्सचं बंदर पिरेयस. याआधी दोन जहाजांवर शिकवलंय. एकदा मुंबई–गोवा–कोची आणि एकदा बार्सिलोनाहून. हे जहाज मात्र मी पाहिलेलंच नाही. कोथरूडच्या क्लासमध्ये बातमी फुटल्यापासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न येताहेत, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. सुरुवातीचे प्रश्न शेजारपाजारचे आहेत. पुढचे बहुतेक स्वतः काहीतरी शिकवणाऱ्यांनी पाठवले आहेत.

१. ताई, क्रूझवर लोक खायला-प्यायला आणि नाचायला जातात. चित्रं काढायला कोण बसतं?

बंदर असलेल्या दिवशी कोणीच बसत नाही. सकाळी जहाज धक्क्याला लागलं की सगळे टोप्या घालून खाली उतरतात. आमचं काम असतं ते ‘सी डे’ला, म्हणजे दिवसभर जहाज पाण्यातच असतं त्या दिवशी. नाश्ता झाला, पोहण्याचा तलाव पाहून झाला, अकरा वाजले आणि जेवायला अजून दीड तास आहे. अशा वेळी माणूस रंगकाम, ब्रिज, नाच, व्याख्यान, काहीही करून पाहतो. कंपन्या या कार्यक्रमांना ‘एनरिचमेंट’ म्हणतात. येणाऱ्यांतले निम्मे जण शाळेनंतर पहिल्यांदा ब्रश हातात धरतात, आणि मला ते आवडतं.

२. पैसे किती मिळतात?

पुण्यात हा प्रश्न पहिला येतो, मी दुसऱ्या क्रमांकावर ढकलला आहे. अशा पाहुण्या शिक्षकांना बहुतेक वेळा मानधन नसतंच. राहायला केबिन आणि खाणं-पिणं फुकट, तेही बऱ्याचदा दोघांचं (प्रश्न १२ पाहा). विमानाचं भाडं, व्हिसा, विमा आणि रंगांचं सामान आपल्या खिशातून. काही ठिकाणी नोकरवर्गाची टिपही आपणच भरायची असते. मध्ये एजन्सी असेल तर काही एजन्सी उलट आपल्याकडूनच दिवसागणिक शुल्क घेतात. ‘हौसेला मोल नाही’ म्हणायचं आणि बेरीज करून बघायची. माझी पहिली खेप तोट्यात गेली होती. दुसरी बरोबरीत सुटली.

३. हे काम मिळतं कसं?

अर्जासोबत आपल्या क्लासचा पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ, एका तासाच्या चार-पाच कार्यशाळांचे आराखडे आणि आधीच्या विद्यार्थ्यांची पत्रं पाठवायची. व्हिडिओत चित्रापेक्षा शिकवणं दिसायला हवं. प्रदर्शनांची यादी कितीही लांब असली तरी तिथे कोणी वाचत नाही. माणूस अनोळखी लोकांना हसवत, न घाबरवता काही करायला लावू शकतो का, एवढंच पाहतात.

४. जहाज पाहिलेलं नाही, खोली माहीत नाही, मग तयारी कशाच्या जोरावर करता?

तिथे काहीही मिळणार नाही असं धरून. बाकी सगळी तयारी या एका गोष्टीतून निघते.

जहाजाचे मजलेवार नकाशे कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. मी ते छापून घेतले आणि शक्य त्या जागांवर पेन्सिलने खुणा केल्या. चित्रांचा वर्ग म्हणून राखलेली खोली क्वचितच असते. पत्त्यांची खोली, रिकामा बार, जेवणघराचा कोपरा किंवा नाचाच्या फरशीच्या कडेची बाकं, यांतलं काहीही वाट्याला येतं. प्रत्येकाचा त्रास वेगळा. पत्त्यांच्या टेबलांवर हिरवं कापड चिकटवलेलं असतं, त्यावर पाणी सांडून चालत नाही. बारमध्ये टेबल गुडघ्याएवढं आणि उजेड पिवळा. त्या उजेडात पिवळा रंग कागदावर दिसतच नाही. बाहेर आल्यावर कळतं की आकाश हिरवं झालंय. जेवणघरात उजेड चांगला असतो, पण बाराच्या आत सगळं आवरावं लागतं. बार्सिलोनाच्या खेपेला मला जिन्याखालचा कोपरा दिला होता आणि माझ्या डोक्यावर बिंगोचे आकडे पुकारत होते. ‘आता ओल्या कागदावर…’ म्हटलं की वरून ‘बावीस!’

म्हणून माझे तीन नियम. टेबल लागणार नाही असा धडा हवा, म्हणून प्रत्येकाला मांडीवर धरायची पाटी. रंग तीनच, आणि मंद उजेडातही ओळखू येतील असे. आणि फळ्याची गरज पडू नये, म्हणून प्रत्येक पायरीचं तयार चित्र मी हाताने फिरवते. प्रोजेक्टर मिळाला तर छानच.

एक सूचना. जहाजावर चढल्याच्या संध्याकाळीच कार्यक्रम ठरवणाऱ्या माणसाला गाठा आणि खोली डोळ्यांनी पाहून या. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रात्री छापून प्रत्येक केबिनमध्ये जातो किंवा अ‍ॅपवर चढतो. त्यानंतर जागा बदलायची म्हणजे लग्नाच्या पत्रिका वाटल्यावर कार्यालय बदलण्यासारखं आहे.

५. चोवीस जणांचं सामान विमानातून नेणार कसं? वजन किती होतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. पोस्टकार्डाच्या मापाचा, १० बाय १५ सेंटिमीटरचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद साडेचार ग्रॅमचा असतो. चोवीस जण, चार कार्यशाळा आणि वर चोवीस जादा, असे १२० कागद मिळून ५४० ग्रॅम. पाट्यांसाठी अप्पा बळवंत चौकातून ३ मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ पत्रा) आणून ए-५ मापाचे तुकडे कापले, ते सगळे मिळून किलोच्या आसपास भरले. ब्रश प्रत्येकी एकच, आठ नंबरचा गोल, सिंथेटिक. तीन ब्रश दिले की नवशिका माणूस निवडण्यातच दहा मिनिटं घालवतो.

रंग ट्यूबमधले घेऊन पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांत भरते आणि वाळवते. हे काम पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. रंग वाळत नाही आणि त्यातल्या डिंकावर बुरशी धरते. गेल्या वर्षी सगळा पिवळा फेकून द्यावा लागला. यंदा अनंत चतुर्दशी झाल्यावर, ऊन पडल्यावरच झाकणं भरणार आहे. तीन रंग म्हणजे अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि एक स्वच्छ पिवळा. पहिले दोन मिसळले की फार देखणा राखाडी तयार होतो. समुद्र, ढग, दगडी तटबंदी, सगळं त्यात निघतं. काळा रंग मी नेतच नाही.

पाण्यासाठी उंच पेला नको, तो कलंडतो. बसक्या वाट्या हव्यात. त्या जहाजाच्या स्वयंपाकघरातून मागायच्या आणि त्यांच्याखाली ओला नॅपकिन घालायचा.

६. जहाज हलत असताना जलरंगाचा वॉश सपाट कसा बसतो? हा माझा खरा प्रश्न आहे, मी स्वतः शिकवतो.

वॉश म्हणजे कागदावर पसरलेला पातळ रंगाचा सलग थर. तो सपाट बसत नाही, आणि बसवायच्या फंदात पडू नका.

घरी आपण पाटी थोडी तिरपी ठेवतो. रंगाचा थेंब खालच्या कडेला साठतो आणि आपण त्याला ब्रशने खाली ओढत नेतो. सगळी मदार उतार एकाच दिशेला असण्यावर. जहाज डावी-उजवीकडे कलतं तेव्हा उतारच उलटतो. खाली आलेलं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगात परत शिरतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते आडवं कलणं बरंच कमी करतात, पण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर-खाली होते त्यावर त्यांचा उपाय चालत नाही.

माझे उपाय असे. एक, कागद लहान, म्हणजे वॉश अर्ध्या मिनिटात संपतो. दोन, पाटी टेबलावर न ठेवता हातात धरायला लावते. गाडीत चहाचा कप धरतो तसा हात आपोआप तोल साधतो. तीन, शक्य असेल तर सगळ्यांना नाळेकडे तोंड करून बसवते. मग जहाज कललं तर पाणी कागदावरही डावी-उजवीकडेच, क्षितिजाच्या रेषेला धरून सरकतं. आकाश समुद्रात उतरत नाही. चार, डाग पडलाच तर त्याचा ढग करायचा. हे चौथं नवशिक्यांना पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकायचं, म्हणजे कोणी रडवेलं होत नाही.

आणि वातानुकूलन विसरू नका. आत हवा कोरडी, रंग झटकन वाळतो. डेकवर हवा दमट, कागद वाळता वाळत नाही आणि वारा तो उडवूनही नेतो. डेकवरचा वर्ग फोटोत फार सुंदर दिसतो. मी एकदाच घेतला.

७. तुम्हाला बोट लागत नाही का? वर्गात कोणाला लागली तर?

पहिल्या खेपेला मला लागली होती, कोचीला पोचेपर्यंत. आपण कागदाकडे पाहत असतो तेव्हा डोळे मेंदूला सांगतात की सगळं स्थिर आहे, आणि आतला कान सांगतो की आपण डुलतोय. या भांडणातून मळमळ सुरू होते. त्या हिशेबाने चित्र काढणं हे बोट लागायला पुस्तक वाचण्याइतकंच सोयीचं काम आहे. म्हणून दर पाच मिनिटांनी मी सगळ्यांना ब्रश खाली ठेवून क्षितिजाकडे पाहायला लावते. पोट शांत होतं आणि समुद्राचा रंगही नीट पाहिला जातो. लोकांना वाटतं हा चित्रकलेचाच भाग आहे.

जागा मागायची सोय असेल तर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा. पुण्यात पीएमटी बसच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यांनी खड्डे खाल्लेत त्यांना कारण सांगायला नको. माझ्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या असतात, त्या वर्गातही वाटते. गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. त्यातल्या काहींनी चांगलीच झोप येते आणि मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. शिकवायच्या दिवशी पहिल्यांदा घेऊन पाहू नका. घरी एकदा घेऊन बघा.

८. किती लोक येतात हे आधी कळतं का?

नाही. पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी एकेचाळीस, असं माझ्या बाबतीत झालं आहे. मधल्या रात्री कोणीतरी जेवताना आपलं पोस्टकार्ड टेबलावर दाखवलं होतं. आता मी सरळ चोवीसच जागांची चिठ्ठी लावते आणि बाकीच्यांना पुढच्या वर्गाचं टोकन देते. सामान आपलं असल्यावर कोणी हरकत घेत नाही.

९. माझं इंग्रजी तोडकंमोडकं आहे. जमेल का?

जमेल, पण नेमकं बोलायची सवय करा. ‘थोडंसं पाणी’ म्हणण्याऐवजी ‘ब्रश एकदा बुडवा, दोनदा पुसा’ असं. हे कोणत्याही भाषेत सोपं आहे आणि करून दाखवता येतं. मी सगळी वाक्यं घरी मोठ्याने म्हणून पाहिली. अर्ध्याहून जास्त वाक्यं काढून टाकता आली.

१०. व्हिसा कोणता लागतो? आणि तो एकदाच शिरण्याचा चालतो का?

या मार्गासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, आणि तो अनेक प्रवेशांचाच हवा. इथेच लोक फसतात. इटली, क्रोएशिया आणि ग्रीस शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आला. माँटेनेग्रो नाही. म्हणजे जहाज कोटोरला गेलं की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात आणि कोर्फूला पुन्हा शिरलात. एक प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो तिथेच संपला. नकाशावर ही बंदरं नाशिक-शिर्डीसारखी शेजारी दिसतात, म्हणून लक्षात येत नाही.

अर्ज जिथे सर्वांत जास्त मुक्काम त्या देशाकडे करायचा; मुक्काम सारखाच असेल तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवणार त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मी त्यात जहाजावरचे उपचार आणि तिथून हलवून नेण्याचा खर्च धरला आहे का, हेही पाहिलं, कारण जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची वारी आधी करा.

११. पण तुम्ही तिथे ‘काम’ करणार आहात. मग पर्यटक व्हिसा कसा चालतो?

या प्रश्नाचं उत्तर मी किंवा तुमचा एजंट देऊ शकत नाही, कंपनी देऊ शकते. पाहुणे शिक्षक कागदोपत्री प्रवासी की कर्मचारी, हे कंपनीगणिक बदलतं, आणि कर्मचारी म्हणून नोंद असेल तर कागद वेगळे लागतात. कंपनीकडून लेखी पत्र घ्या. त्यात तुमचा दर्जा, जहाजावर चढण्याची-उतरण्याची तारीख आणि मानधन आहे की नाही हे स्पष्ट असू द्या. ते पत्र अर्जाला जोडा आणि एक प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. अर्जात ‘फिरायला चाललोय’ लिहायचं आणि बॅगेत चोवीस ब्रश, असं करू नका.

१२. नवऱ्याला नेता येतं का?

येतं, बहुतेक ठिकाणी एक सोबती चालतो. माझे यजमान दोन्ही वेळा आले होते. पाण्याच्या वाट्या भरणं, टोकन वाटणं आणि ‘मॅडम शाळेतही अशाच ओरडतात’ असं प्रवाशांना सांगणं ही कामं त्यांच्याकडे. यंदा ते येणार नाहीत, त्यामुळे वाट्या कोण भरणार हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

१३. रंग, कात्री, कटर विमानात आणि जहाजावर चालतात का?

जलरंगांची अडचण येत नाही. ट्यूब, कात्री आणि कटर चेक-इन सामानात टाका. टर्पेंटाइनसारखे पेट घेणारे द्राव विमानात नेताच येत नाहीत, त्यामुळे तैलरंगवाल्यांनी वेगळा विचार करावा. जहाजावर चढतानाही सामान तपासतात. इस्त्री, मेणबत्ती, पाणी उकळायची कॉइल अशा गोष्टी काढून घेतात. त्यामुळे हेअर ड्रायरने रंग वाळवायचे बेत तिथल्या लोकांना विचारूनच करा. कागद मात्र सगळा चेक-इनमध्ये टाकू नका. बॅग हरवली तर रंग कुठेही मिळतात, चांगला कागद ऐनवेळी मिळत नाही. एका वर्गाचं सगळं सामान माझ्या पाठीवर असतं.

१४. पहिल्याच दिवशी वर्ग ठेवला तर चालेल का?

नको. पहिल्या दिवशी सगळ्यांचं सुरक्षा ड्रिल असतं आणि ते शिक्षकालाही चुकत नाही. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेकांचं ड्रिल व्हायचं होतं. त्यानंतर नियम बदलला. आता ते जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावं लागतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. आपला वर्ग चालू असताना तो वाजला तर चोवीस जणांना कुठल्या दाराने बाहेर काढायचं, हेही खोली पाहायला जाल तेव्हा पाहून ठेवा (प्रश्न ४).

१५. बंदर रद्द झालं तर?

तर तुमचं काम वाढलं. वारा जास्त असला की कप्तान बंदरात शिरत नाही आणि अचानक एक सी डे तयार होतो. सकाळी सातला केबिनचा फोन वाजतो, ‘दहाला एक वर्ग घ्याल का?’ त्रिएस्तेला तर बोरा नावाचा डोंगरावरून सुटणारा वारा प्रसिद्धच आहे. तो मुख्यतः हिवाळ्यातला, पण मी भरवसा ठेवत नाही. म्हणून एक पाचवा धडा पिशवीत असतो. कागद ओला करायचा, निळा सोडायचा आणि वर जेवणघरातलं मीठ भुरभुरायचं. मीठ पाणी ओढून घेतं आणि चांदण्यांसारखे ठिपके उमटतात. मोठी माणसं टाळ्या वाजवतात.

१६. वेळेचा गोंधळ होतो का?

होतो. ऑक्टोबरमधल्या आमच्या तारखांना इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असेल आणि ग्रीस अडीच. म्हणजे वाटेत कुठेतरी घड्याळ एक तास पुढे करायचं. फोन किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून स्वतःच वेळ बदलतो आणि जहाजाची वेळ वेगळीच असू शकते. मी आईचं जुनं चावीचं घड्याळ नेते आणि ते जहाजाच्या वेळेला लावते. समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवा. जहाजावरचं मोबाईल नेटवर्क चुकून लागलं तर येणारं बिल रंगांच्या बिलापेक्षा मोठं असतं.

१७. तिथे स्वतःची चित्रं विकता येतात का?

आधी विचारल्याशिवाय अजिबात नाही. बऱ्याच जहाजांवर चित्रांची गॅलरी आणि लिलाव दुसऱ्या कोणाला ठेक्याने दिलेले असतात. मी काढून दाखवलेली चित्रं शेवटच्या दिवशी चिठ्ठ्या टाकून वाटून टाकते.

१८. मी विणकाम शिकवते / मोडी लिपी शिकवतो / ओरिगामी करते. आमचं काही होईल का?

ओरिगामीचं नक्की, सामान काहीच लागत नाही. विणकामाला एक तास कमी पडतो, म्हणून सलग सी डे असलेला लांबचा मार्ग शोधा. समुद्र ओलांडून जाणाऱ्या जहाजांवर असे पाच-सहा दिवस मिळतात. मोडीबद्दल मी उत्साहाने बोलू शकते. कोणालाही स्वतःचं नाव अनोळखी लिपीत लिहून न्यायला आवडतं. पण टाक-दौत नको, ब्रशपेन न्या. शाई आणि जहाजाचा गालिचा यांची गाठ पडू देऊ नका.

१९. उपवासाचं काय करता?

खिचडी मिळणार नाही हे धरून चालायचं. फळं भरपूर असतात. राजगिऱ्याच्या वड्या घरून नेते.

२०. आता नक्की काय ठरायचं राहिलंय?

टेबलं. ‘चोवीस जणांना बसायला टेबलं मिळतील का,’ असं मी कंपनीला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी उत्तर आलं की पोचल्यावर सोय होईल. हे वाक्य मी आयुष्यभर गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांकडून ऐकत आले आहे. तेव्हा सनबोर्डच्या पाट्यांना मागून इलॅस्टिक लावायला घेतलंय, म्हणजे पाटी एका हातात अडकून राहील. बारा झाल्या, बारा व्हायच्या आहेत.